थीम पार्कचे तिकीट खरोखर पैसेवसूल असते का?

शैलजा_कोथरूड

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचेच, असा माझ्या १३ वर्षांच्या मुलीचा हट्ट आहे आणि तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुली जाऊन आल्यामुळे तिची समजूत काढणे मला अवघड जाते आहे. पैसे नाहीत अशातला भाग नाही. पण गेल्या मे महिन्यात दुसऱ्या एका पार्कला (त्याचे नाव येथे लिहीत नाही) जाऊन आल्यापासून तिकीट काढताना माझा हात आखडतो. तो का आखडतो हे नीट मांडावे आणि अनुभवी मंडळींचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढते आहे.

आम्ही पाच जण होतो: आम्ही दोघे, मुलगी, ७ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. प्रौढांचे तिकीट १,२०० रुपये होते आणि उंचीमुळे मुलीलाही तेच लागले. मुलाचे, आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून सासूबाईंचे, प्रत्येकी ९०० रुपये. म्हणजे दारातच ५,४०० रुपये गेले. त्यावर पेट्रोल आणि टोल मिळून १,१००, लॉकर आणि पाण्यातल्या कपड्यांचे भाडे ६५०, दोन वेळचे खाणे २,१५०. एकूण ९,३०० रुपये झाले. रविवार होता, सुट्टी होती, गर्दी असणार हे आम्ही गृहीत धरले होते. पण सकाळी साडेदहापासून संध्याकाळी सहापर्यंत मुलीच्या वाट्याला जेमतेम पाच राइड येतील असे वाटले नव्हते. एका राइडसाठी आम्ही १ तास २० मिनिटे उभे होतो आणि ती अडीच मिनिटांत संपली.

मुलाचे दुःख वेगळेच होते. तीन लहान राइड झाल्यावर तो ताईबरोबर मोठ्या राइडच्या रांगेत उभा राहिला. रांगेच्या शेवटी खांबावर रंगवलेली उंचीची पट्टी होती. तिथे पाठ टेकवल्यावर त्याने टाचा उचलल्या. कर्मचाऱ्याने त्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून त्या खाली टेकवल्या, तेव्हा डोके आणि रेघ यांत दोन बोटांचे अंतर राहिले. त्या कर्मचाऱ्याने योग्य तेच केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पाऊण तास उन्हात उभे राहिलेल्या मुलाला ते कसे समजवायचे? सासूबाई एका छोट्या आगगाडीत बसल्या, आणि बाकीचा सगळा दिवस त्यांनी झाडाखालच्या बाकावर आमच्या चपला आणि पिशव्या राखत काढला. घरी परतताना त्या एवढेच म्हणाल्या, ‘मला नुसतं बघायचं होतं गं मुलांना, पण राइड लांब, काही दिसलंच नाही.’

तेव्हा माझा प्रश्न असा आहे, की हे तिकीट महाग की वाजवी, हे ठरवायचे कशावरून? आणि ज्याला राइडमध्ये बसायचेच नाही, त्याच्याकडूनही जवळजवळ पूर्ण पैसे घेणे कितपत योग्य आहे?


जमाखर्च

शैलजाताई, मी कर सल्लागार आहे, त्यामुळे आधी आकड्यांबद्दल लिहितो. आपला हिशेब चोख आहे. त्यात एक भागाकार तेवढा करून पाहावा असे सुचवतो. पुष्कळ लोक तिकिटाला तासांनी भागतात आणि चित्रपटाच्या तिकिटाशी तुलना करून समाधान मानतात. मला ते पटत नाही, कारण त्यात रांगेत गेलेला वेळही करमणुकीत धरला जातो. तिकिटाला प्रत्यक्ष बसलेल्या राइडने भागावे. मुलीच्या १,२०० रुपयांत पाच राइड झाल्या, म्हणजे एका राइडला २४० रुपये पडले. मुलाच्या ९०० रुपयांत तीन, म्हणजे ३०० रुपये. सासूबाईंच्या ९०० रुपयांत एक, म्हणजे सगळे ९०० त्या आगगाडीचेच. तीच मुलगी गर्दी नसलेल्या दिवशी गेली असती आणि १४ राइड झाल्या असत्या, तर एका राइडला साधारण ८६ रुपये पडले असते. एकाच दारातून, एकाच सकाळी आत गेलेल्या आपल्या घरातल्या माणसांनी एकाच गोष्टीचे इतके वेगवेगळे दर मोजले आहेत. म्हणून ‘तिकीट महाग आहे का’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. कोणासाठी आणि कोणत्या दिवशी, हे आधी सांगावे लागते.

आता हे पैसे जातात कुठे ते पाहू. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हा थीम पार्क आणि वॉटर पार्कच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता, तो २५ जानेवारी २०१८ पासून १८ टक्के झाला. आपण दिलेल्या ५,४०० रुपयांत कर धरलेला असेल, तर त्यातले सुमारे ८२४ रुपये कराचे आहेत. प्राणिसंग्रहालय किंवा वस्तुसंग्रहालय यांच्या प्रवेशाला मात्र या करातून सूट आहे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटाशी तुलना करताना हा फरक ध्यानात घ्यावा, शिवाय ते महापालिका चालवते हेही.

राहिलेल्या रकमेवर पार्कवाले गब्बर होतात अशी सर्वसाधारण समजूत असते. इमॅजिकाचेच उदाहरण घ्या. खालापूर तालुक्यात २०१३ मध्ये ते सुरू झाले. उभारणीला सुमारे १,६०० कोटी रुपये लागले. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, तरी कर्जाचा बोजा हलका झाला नाही, आणि अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने तिचा ताबा घेतला. जमीन, यंत्रे, व्याज, वीज, पगार हा सगळा खर्च पावसाळ्यातल्या रिकाम्या मंगळवारीही तेवढाच असतो. मे महिना, दिवाळी आणि नाताळ या मोजक्या दिवसांत वर्षाची बेगमी करावी लागते, आणि म्हणून नेमक्या सर्वांत वाईट अनुभवाच्या दिवशी सर्वांत जास्त दर मोजावा लागतो. ग्राहक म्हणून मला हे खटकते. गर्दीच्या दिवशी दर वाढवायचाच असेल, तर त्या दिवशी आत सोडायच्या माणसांची संख्याही तेवढ्याच काटेकोरपणे ठरवली पाहिजे.


भोसरी_वर्कशॉप

मी यांत्रिक देखभालीच्या कामातून निवृत्त झालो आहे आणि त्यातली काही वर्षे राइडच्या देखभालीत गेली आहेत. जमाखर्च यांनी जे लिहिले त्याला यंत्राच्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो.

प्रेक्षकाला अडीच मिनिटे दिसतात. आमचा दिवस मात्र दरवाजे उघडण्याच्या कितीतरी आधी सुरू होत असे. रुळाची पाहणी चालत जाऊन करायची, बोल्टवर मारलेली रंगाची खूण सरकली आहे का ते पाहायचे, प्रत्येक आसनाचा खांद्यावरचा हार्नेस, म्हणजे माणसाला आसनात धरून ठेवणारा अडसर, हाताने ओढून तो खटक्यात पक्का बसतो का हे तपासायचे, सेन्सर आणि ब्रेक यांची चाचणी घ्यायची, मग रिकामी गाडी काही फेऱ्या फिरवायची आणि नोंदवहीत सही करायची. ती सही झाल्याशिवाय राइड सुरू करता येत नसे. पॉलियुरेथेनची चाके उन्हाळ्यात भराभर झिजतात, ती बदलावी लागतात. धुऱ्यांना डोळ्यांना न दिसणारी चीर गेली आहे का, हे पाहण्यासाठी त्या ठरावीक काळाने उतरवून त्यांची अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी, तपासणी करतात. मोठ्या राइड बहुधा परदेशी बनावटीच्या असतात. इमॅजिकाची नायट्रो ही रोलर कोस्टर स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीची आहे. अशा यंत्राचा सुटा भाग बुधवार पेठेत मिळत नाही आणि पर्यायी भाग बसवण्याचे धाडस कोणीही करू नये. आपल्याकडे राइडच्या सुरक्षिततेसाठी आयएस १५४७५ हे भारतीय मानक आहे. ते मनापासून पाळणाऱ्या पार्कचा खर्च आणि जत्रेत चार दिवसांसाठी पाळणा उभा करणाऱ्याचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. स्वस्त तिकीट पाहून आनंद होण्याऐवजी माझ्या मनात आधी त्या नोंदवहीचा विचार येतो.

आता रांगेविषयी, कारण खरे मर्म तिथे आहे. समजा एका गाडीत २८ माणसे बसतात आणि दोन गाड्या चालू असल्यामुळे दर तीन मिनिटांनी एक सुटते. तासाला २० फेऱ्या, म्हणजे ५६० माणसे होतात. त्याच राइडवर एकच गाडी लावली, तर ती येईपर्यंत, माणसे उतरून दुसरी चढेपर्यंत आणि हार्नेस तपासेपर्यंत पाच मिनिटे जातात. मग तासाला १२ फेऱ्या, म्हणजे ३३६ माणसे. पुढे ५६० माणसे उभी असतील, तर पहिल्या परिस्थितीत एक तास लागतो आणि दुसऱ्या परिस्थितीत १ तास ४० मिनिटे. तिकिटाचा दर मात्र दोन्ही वेळा तोच. कधी दुसरी गाडी खरोखर दुरुस्तीला गेलेली असते आणि तेव्हा ती न लावणेच योग्य. पण कधी माणसे कमी बोलावल्यामुळे ती उभी असते. आपण जे विकत घेता ते म्हणजे दिवसभरात किती वेळा बसायला मिळेल ही क्षमता आहे, आणि नेमकी तीच तिकिटावर छापलेली नसते.

मुलाच्या उंचीबद्दल एकच सांगतो. ती रेघ हार्नेस शरीरावर कुठे टेकतो यावरून ठरलेली असते. दोन बोटांसाठी सूट मागणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. आपण तशी मागितली नाहीत, याबद्दल मनापासून आभार मानतो.


मृदुला_वडगाव

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरीही मी शैलजाताईंच्या बाजूने थोडी ठामपणे बोलणार आहे, कारण पार्कचा खर्च किती आहे याची काळजी ग्राहकाने किती वाहायची यालाही मर्यादा आहे.

मला खरा अन्याय प्रवेशाच्या तिकिटात वाटत नाही, तो आत गेल्यानंतर सुरू होतो. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी एका पार्कच्या दारात त्यांचा भाकरी-भाजीचा डबा पिशवीतून काढून घेतला, त्यावर टोकन चिकटवले आणि इतर २०-२५ डब्यांच्या शेजारी टेबलावर ठेवला. औषध दाखवले, वय सांगितले, उपयोग झाला नाही. आत बटाट्याचे तळलेले पदार्थ, पिझ्झा आणि साखरेची पेये एवढेच मिळत होते. संध्याकाळी बाहेर पडताना तो डबा परत मिळाला, तेव्हा भाजी आंबलेली होती, आणि आईंनी पहाटे उठून केलेल्या त्या भाकरी रस्त्याच्या कडेला टाकताना आम्हा सगळ्यांनाच फार वाईट वाटले. चित्रपटगृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बाहेरचे पदार्थ अडवण्याचा मालकांचा अधिकार मान्य केला, पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांसाठी आणलेले अन्न अडवू नये, हेही त्याबरोबर स्पष्ट झाले. अडीच-तीन तासांच्या चित्रपटाला जर हा विचार लागू होतो, तर आठ तासांच्या पार्कला पथ्याच्या डब्याची मुभा देणे ही किमान माणुसकी आहे. बंद बाटलीतले पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकले जात असेल तर पावती अवश्य घ्यावी. एकाच वस्तूवर दोन वेगळ्या छापील किमती ठेवण्याला वैध मापनशास्त्राच्या नियमांनी जानेवारी २०१८ पासून मनाई केली आहे.

आता सासूबाईंच्या तिकिटाबद्दल. जत्रेत आजी पाळण्याखाली उभी राहून नातवाला हात करते आणि तिच्याकडून कोणी पैसे मागत नाही, कारण तिथे ज्याने बसायचे त्यानेच द्यायचे असतात. ही पद्धत मोठ्या पार्कला जमत नाही असेही नाही. कॅलिफोर्नियातले डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून बरीच वर्षे तिथे प्रवेश वेगळा आणि राइडची कुपने वेगळी, असा प्रकार होता. पुढे त्यात ए पासून ई पर्यंत पाच श्रेणी आल्या आणि ई हे सर्वांत मोठ्या राइडचे कुपन असे. १९८२ मध्ये ती कुपने बंद झाली आणि एकदाच पैसे देऊन सगळीकडे बसण्याची पद्धत आली. दिवसभरात १४ राइड करणाऱ्या तरुणाला ती फायद्याची आहे, पण त्याच्या चौदाव्या फेरीचा काही भार बाकावर बसलेल्या आजीवर पडतो. ज्येष्ठांना २५ टक्के सवलत देऊन हा प्रश्न सुटत नाही. फक्त बरोबर येणाऱ्यांसाठी, राइड वगळून, अगदी अल्प दराचे तिकीट असले पाहिजे, आणि राइडजवळ त्यांना बसून पाहता येईल अशी सावलीची जागा असली पाहिजे. एवढे केले तर तीन पिढ्यांचे कुटुंब पुन्हा पुन्हा येईल, आणि खाण्यापिण्यावर खर्चही करेल.


सहलप्रमुख

मी शिक्षक आहे आणि दरवर्षी शाळेची सहल नेतो, म्हणून दिवसाच्या निवडीबद्दल लिहितो. ‘मंगळवारी गर्दी नसते’ हे डिसेंबर आणि जानेवारीत खरे नसते. त्या दोन महिन्यांत आडवारी शाळांच्या सहली असतात आणि दारात ३०-४० बसगाड्या उभ्या दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीजेनंतरचे दिवस टाळावेत, कारण पाहुणे जमलेले असतात आणि सगळे मिळून निघतात. सहामाही परीक्षा संपल्यापासून वसुबारसेपर्यंतचे आडवार त्या मानाने मोकळे असतात, कारण घरोघरी साफसफाई आणि फराळ चाललेला असतो. पावसाळ्यात सवलती मिळतात, पण घाटमाथ्याखालचा पाऊस लक्षात घेता वीज कडाडू लागली की उघड्यावरच्या राइड थांबवतात आणि मग सवलतीचा उपयोग राहत नाही. मुलांची उंची घरी मोजून, पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट पाहून, कोण कशात बसू शकेल याची यादी आदल्या रात्री करावी. आम्ही ८० मुलांची करतो, दोघांची तर अर्ध्या तासात होईल.


शैलजा_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला मुलाला उभे केले आणि पेन्सिलीने खूण केली. १२१ सेंटिमीटर भरले. मग ताईने पुढ्यात बसून एकेका राइडची अट वाचून दाखवली आणि त्याने स्वतःच नावांवर काट मारली. मोठ्या राइडपैकी त्याला हव्या असलेल्या बहुतेक त्यात गेल्या. तो हिरमुसला, पण रांगेच्या शेवटी कळण्यापेक्षा घरी कळले हे त्यालाही बरे वाटले असावे, कारण त्यानंतर त्याने ‘मग मी पुढच्या वर्षी’ असे म्हणून ती खूण पुन्हा गडद केली.

त्यामुळे या वेळी मुलगी आणि तिचे बाबा असे दोघेच वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात, आडवारी जातील. मी, मुलगा आणि सासूबाई त्याच दिवशी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जाऊ. तिथे बुधवारी सुट्टी असते, तेवढा वार टाळायचा आहे. परतताना पेशवे पार्कला थांबून फुलराणी या छोट्या आगगाडीत बसायचे, असे सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवले आहे. ही गाडी १९५६ मध्ये सुरू झाली आणि लहानपणी वडिलांचे बोट धरून त्या तिच्यात बसल्या आहेत. ‘तिथे मी काठावर बसणार नाही, मीही बसणार,’ असे त्या म्हणाल्या.

जमाखर्च यांच्या भागाकाराचा तक्ता मुलीने वहीत आखून घेतला आहे आणि परत आल्यावर ती स्वतः भरणार आहे. भोसरी_वर्कशॉप काका, एकच विचारायचे राहिले: दोन गाड्या चालू आहेत की एक, हे रांगेत शिरण्यापूर्वी बाहेरून कसे ओळखायचे?


भोसरी_वर्कशॉप

ताई, राइडच्या बाहेर, जिथून चढण दिसते तिथे, घड्याळ लावून उभे राहायला सांगा. एक गाडी वर चढली की पुढची चढेपर्यंत किती मिनिटे जातात ते मोजायचे, आणि एकदाच मोजून न थांबता लागोपाठ दोनदा मोजायचे. गाड्यांना बहुधा वेगवेगळे रंग किंवा क्रमांक असतात, तेही पाहावे. एकच गाडी फिरत असेल आणि रांग लांब असेल, तर ती राइड दुपारी, जेवणाच्या वेळेला करावी. तेव्हा बहुतेक लोक खाण्याच्या रांगेत असतात. आणि दरवाजा उघडताच सगळे दारापासच्या राइडला गर्दी करतात, तेव्हा दोघांनी तिथे न थांबता पार्कच्या शेवटच्या टोकापासून सुरुवात करावी. पहिल्या तासातच तीन-चार राइड सहज होतील.